नंतरचं कोणाला सांगून गेलीस, आई?

आई, मला भीती वाटते. इतर कोणाला हे सांगता येत नाही म्हणून तुलाच सांगते आहे. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, सुजाता आईच्या दुःखात आहे. ते माझा हात हातात घेऊन बसतात आणि मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत असते, तुझा मिलिंद कुठे आहे ते. तो पलंगावर दिसला की मी मान हलवते, हो हो म्हणते. दिसला नाही की समोरचा माणूस काय बोलतो ते मला ऐकूच येत नाही.

मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत, म्हणून मी इथे सक्करदऱ्याला, तुझ्या घरात आहे. तुझे जावई आणि तुझी नात श्रावणी तिकडे प्रताप नगरला. दुपारी मिलिंद झोपला की मी त्याच्या दाराशी जाऊन श्वास ऐकते. तो उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला की माझी नजर आधी विळीकडे जाते. त्याने आजवर कोणावर हात उगारलेला नाही, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. तरी जाते. आणि सुट्ट्या संपल्यावर काय, हा विचार आला की हातातलं काम तसंच राहतं. कालची भाजी त्यातच लागली.

तू कशी राहिलीस गं इतकी वर्षं?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मिलिंद एकदा कॉलेजातून मधेच घरी आला आणि म्हणाला, "आई, बाजूच्यांच्या रेडिओवर माह्याबद्दल बोलून राहिले." तू हसलीस. म्हणालीस, "चांगलं बोलून राहिले का वाईट?" तो हसला नाही. मग त्याने खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली, मग जेवणात काहीतरी घातलंय म्हणू लागला, मग आंघोळ सोडली. बाबा गिरणीतून आले की त्याला समोर बसवून समजावायचे, ओरडायचे, पुन्हा समजावायचे. आपल्या घरातला पहिला सायन्सचा मुलगा. हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर असतो, हे कळायलाच आपल्याला फार उशीर झाला.

त्यानंतर तू रोज सकाळी बसू लागलीस. बुद्धवंदना तर घरात सगळेच म्हणायचो, त्रिशरण, पंचशील, बाबांच्या खड्या आवाजामागे आपल्या तिघांचे आवाज. पण सगळे उठले तरी तू उठायची नाहीस. बुद्धमूर्तीसमोर दिवा जळत असायचा आणि तुझे ओठ हलत राहायचे. बाबांना ते खटकायचं. ते मनाने फार चांगले, पण धम्माच्या बाबतीत कडक.

"आपल्यात मागनं नसते," ते म्हणायचे. "त्यानं कोणाले काही देतो म्हटलं नाही. मागाचं असन तर लोक जुने देव काहून सोडून आले?"

"मी कुठं मागून राहिली? सांगून राहिली फक्त."

"काय सांगून राहिली?"

"पोराचं."

यावर बाबा सदऱ्याच्या बाह्या वर सरकवत बाहेर निघून जायचे. मला तेव्हा बाबांचं पटायचं. आजही वादात बाबांचंच बरोबर ठरेल, पण तुझ्याशी वाद घालायला लोक बसायचे आणि तू भाजी निवडायला उठायचीस.

मग तू सांगण्यावर थांबली नाहीस. शेजारच्या काकूंनी नेलं म्हणून दर्ग्यात गेलीस, कोणी म्हणालं म्हणून मंगळवारी देवीच्या देवळात गेलीस, कुठल्याशा खेड्यातल्या बाबाकडून मंतरलेलं पाणी आणलंस. गोळ्या मात्र एक दिवस चुकवल्या नाहीस. पाणी त्या बाबाचं आणि गोळी डॉक्टरची, दोन्ही एकदमच द्यायचीस. बाबांनी तुझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. आणि तरी एक दुपार मला आठवते. दर्ग्याबाहेर आपण तिघी-चौघी रांगेत होतो आणि मागे वळून बघते तर बाबा सायकल धरून उभे. मिलिंदला मागे बसवून घेऊन आले होते. तू त्यांच्याकडे पाहिलंस. ते म्हणाले, "आत नाही येत मी. सायकल सांभाळतो." आणि मिलिंदचा हात तुझ्या हातात देऊन ते भर उन्हात तिथेच उभे राहिले, आपण बाहेर येईपर्यंत. बाबा गेल्यावर तू ही गोष्ट सांगायचीस तेव्हा फक्त एवढंच म्हणायचीस, "लय ऊन होतं वं त्या दिवशी."

काही बदललं नाही. हेच तर मला तुझ्याशी बोलायचं होतं. देवी, पीर, बुद्ध, सगळ्यांना सांगून झालं आणि मिलिंद होता तिथेच राहिला. कधी बरे सहा महिने, मग पुन्हा खिडक्या बंद. बाबा गेले, त्याच्या बरोबरीची पोरं बाप झाली, त्यांना टक्कल पडलं, पोटं सुटली, आणि मिलिंद तुझ्या हातून गोळी घेऊन जीभ दाखवत राहिला, गिळली म्हणून.

मध्ये एकदा तू बसणं सोडलं होतंस. त्याला दवाखान्यात पुन्हा भरती करावं लागलं, त्यानंतर. मी घरी आले तेव्हा मूर्तीसमोर धूळ होती. पुढे कधीतरी आले तर दिवा लागलेला. मी विचारलं, "काहून सुरू केलं पुन्हा?"

तू म्हणालीस, "मंग बोलू कोणाशी घरात? तू तिकडं, तुहे बाबा गेले. याच्याशी बोललं तर याच्या डोक्शात दुसरंच कोणी बोलत असते."

मी उठून दिव्यात तेल घातलं.

तुला भीती वाटत नाही, असं मला खूप वर्षं वाटत होतं. तो दाराचा दिवस आठवतो? मिलिंदने तुम्हा दोघांना आतून कोंडून घेतलं होतं, कोणीतरी मारायला येतंय म्हणून. आतून त्याच्या ओरडण्याचा आवाज आणि मी बाहेर दारावर हात आपटते आहे. मग सगळं शांत झालं, ते तर ओरडण्यापेक्षा भयंकर होतं. दार उघडलं तेव्हा तू जमिनीवर बसून त्याच्या केसांना तेल लावत होतीस. तू मला म्हणालीस, "चहा ठेव."

तो झोपल्यावर मी तुला विचारलं, तुला भीती नाही का वाटत? तू तेलाच्या बाटलीचं झाकण लावलंस. मग म्हणालीस, "भेव तर लागतेच वं. पोटचा हाय म्हनून लागत नाही, असं थोडी हाय? हात पाह्य माहे." तुझे तेलकट हात पदराखाली कापत होते. तू ते मला दाखवलेस आणि पुन्हा झाकून घेतलेस.

मिलिंद आजारी पडला त्या वयाची श्रावणी झाली आता. ती मोबाईल बाजूला ठेवून नुसती खिडकीबाहेर बघत बसली की मी आधी तिचे ओठ हलतात का ते बघते. मी तिला निरखत असायचे तेव्हा तूच मला दटावलं होतंस. "काय पाहून राहिली तिच्या तोंडाकडे? पोरगी हाय ते, रिपोर्ट नाही." आता दटावायला कोणी नाही.

आपला वाद अर्धाच राहिला. शहराबाहेर एक निवासी केंद्र आहे, मी आणि तुझे जावई पाहून आलो होतो. स्वच्छ खोल्या, बाग, दिवसभर काम करायला बरोबरीची माणसं. मी तुला सगळं सांगितलं. तू मूग निवडत होतीस.

"मी हाये तवरी नाही," तू म्हणालीस.

"आणि नंतर?"

"नंतरचं मी सांगून ठेवलं हाय."

"कोणाला?"

तू हनुवटीने मूर्तीकडे खूण केलीस. आणि मी भडकले. म्हणाले, "एवढ्या वर्षांत त्यानं ऐकलंय का एक तरी? नंतरचं कोणाच्या भरवशावर?" तू मुगातला खडा काढून बाजूला ठेवलास, मग घड्याळाकडे पाहिलंस आणि मिलिंदला हाक मारलीस, गोळी घ्यायला. तो विषय पुन्हा निघाला नाही. तू अशी पोळी लाटता लाटता खाली बसशील आणि दवाखान्यात डोळेसुद्धा उघडणार नाहीस, हे मला कुठे माहीत होतं? उत्तर तू देऊन गेली नाहीस. मी रोज त्या मूर्तीकडे बघते आणि मला राग येतो, की तू सांगितलंस ते नेमकं काय होतं.

मिलिंद तुझ्या अंत्ययात्रेत चालला. पांढरा सदरा घालून, गप्प. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी अनित्यतेबद्दल बोलत होते आणि हा उठून सगळ्यांना पाणी देत फिरत होता. लोक कौतुकाने बघत होते. मला मात्र त्याच्या गप्प राहण्याची भीती वाटत होती. तो रडला असता तर बरं झालं असतं.

आता परवाचं सांगते.

मी सकाळी गांधीबागेत गेले होते, माझ्या मावससासूकडच्या देण्याघेण्याचं कापड परत करायचं राहिलं होतं म्हणून. मिलिंद चहा घेऊन पुन्हा झोपला होता, काकू बाजूला होत्या. ऊन चढल्यावर परत आले तर दाराला नुसती कडी. आत पलंग रिकामा. काकू म्हणाल्या, "अवं, आत्ता तर होता! मी कपडे वाळू घालाले गेली फक्त."

त्याच्या चपला नव्हत्या. तुझा उन्हाचा पांढरा दुपट्टा खुंटीवर नव्हता. मोबाईल त्याच्याकडे नसतोच. गेली कित्येक वर्षं तो तुझ्याशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत गेला नव्हता, आई. आणि आपल्या इथला मे महिना. डांबर चपलेला चिकटत होतं.

मी स्कूटी काढली. किराणा दुकान, सलून, बाबांचे मित्र बसायचे तो पिंपळाचा पार. कोणी पाहिलं नव्हतं. तुझ्या जावयांना फोन केला, ते म्हणाले निघतो. मग पानठेल्यावरचा एक माणूस म्हणाला, "ताई, तलावाकडे गर्दी झाली हाय. कोणी तरी बुडालं म्हणतात. तुमी पाहून घ्या एकदा."

तलावापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. काठाला माणसं उभी होती, पाठमोरी, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. मी स्कूटी उभी केली आणि माझे पाय पुढे जाईनात. खरंच जाईनात. माणसांच्या पायांमधून जमिनीवर ठेवलेलं काहीतरी दिसत होतं, त्यावर चादर. मी तिथेच उभी राहून म्हणू लागले, तो नको, मिलिंद नको, तो नको. कोणाला म्हणत होते? मला माहीत नाही. मी तर तुला वर्षानुवर्षं विचारत आले, कोण ऐकतंय म्हणून. पण माझे ओठ हलत होते, तुझ्यासारखेच, आणि थांबवता येत नव्हते.

एका माणसाने वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "तुमचं कोणी हाय का, ताई? पोरगं हाय, कॉलेजातलं. दोस्तांसोबत पोहायले उतरलं होतं."

पोरगं. म्हणजे मिलिंद नाही. मी स्कूटीला धरून खाली बसले आणि माझ्या तोंडून निघालं, "सुटले बाई. सुटले." इतका आनंद, आई. आयुष्यात कधी झाला नसेल इतका. आणि त्याच वेळी माझ्या मागून एक बाई पळत आली. गाऊनवर ओढणी टाकलेली, एका पायात चप्पल. तीही तेच म्हणत होती. "माहा नको, माहा नको." माझ्या अंगाला घासून ती गर्दीत शिरली. मग जो आवाज आला तो मी तुला सांगत नाही.

फोन वाजत होता ते मला उशिरा कळलं. मिलिंदच्या दवाखान्यातल्या ओपीडीच्या सिस्टर. "मॅडम, मिलिंद आलेत इथं, गोळ्या घ्यायला. एकटेच. आई आल्या नाहीत का?"

आई, तू दर महिन्याला जायचीस त्या तारखेला तो गोळ्या आणायला गेला होता. मला तर तारखेचं भानही नव्हतं. तुझ्यामागे पाकीट रिकामं होत आलंय हे माझ्या लक्षात नाही आलं, ते त्याच्या आलं. चालत गेला, तुझा दुपट्टा डोक्याला गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून, तू घालायचीस तसा. मी पोचले तेव्हा तो बाकावर बसला होता. चेहरा लाल, ओठ सुकलेले, मांडीवर गोळ्यांची पिशवी. सिस्टरांनी त्याला पाणी दिलं होतं.

मी त्याला मारणार होते की मिठी मारणार होते, मला माहीत नाही. मी फक्त म्हटलं, "मला सांगून नाही का जायचं?"

"तू नव्हती ना घरी," तो म्हणाला. मग, "आई म्हणे, गोळ्या संपू देजो नको. मी नसली तरी."

"कधी म्हणाली?"

"रोजच म्हणे."

म्हणजे तू त्यालाही सांगत होतीस. मला वाटलं होतं, तू फक्त तिथे समोर सांगतेस. सिस्टरांना मी तू गेल्याचं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. मिलिंद त्यांच्याकडे पाहत होता. आणि मग पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता, आणि तो ते तुझ्या दुपट्ट्याने पुसत राहिला.

तो सापडल्याचं मी फोनवर कळवलं होतं, म्हणून तुझे जावई संध्याकाळी आले. सगळं ऐकून घेतलं. श्रावणीचे पेपर झाले की काही दिवस आपण सगळेच इकडे राहू, म्हणाले. काही दिवस म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. केंद्राचा कागद कपाटात आहे. मी तो फाडलेला नाही, हेही तुला सांगते. एका दिवसाने माणूस बरा होत नाही. उद्या तो पुन्हा खिडक्या लावून घेईल, परवा पुन्हा न सांगता निघेल आणि तेव्हा दवाखान्यात गेलेला नसेल. हे सगळं होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या जागेवर बसले. मिलिंद शेजारी. वंदना म्हटली, त्याला सगळी पाठ आहे. तो उठला, मी बसून राहिले. म्हटलं, आता आपणही सांगून बघावं. पण मला सांगता येईना, आई. मिलिंदचं नाव तोंडात आलं की ती एका चपलेची बाई समोर यायची. आम्ही दोघी एकाच जागी उभ्या राहून एकच मागत होतो. माझं ऐकलं गेलं म्हणू? मग तिचं कोणी ऐकलं नाही, हेही मलाच म्हणावं लागेल. मला ते म्हणता येत नाही. आणि तरी तिथून उठवतही नव्हतं. तुझं असंच होत असेल का? इतकी वर्षं काहीच न मिळता तू बसत राहिलीस, ते काही मिळेल म्हणून नसेलच कदाचित. मला नक्की कळलेलं नाही. कळलं असं सांगितलं तर खोटं होईल.

काकूंना विचारून मी त्या बाईचं घर शोधलं. आपल्या मागच्या वस्तीतच. मिलिंदला एकटं ठेवायचा धीर नव्हता म्हणून त्यालाही नेलं. दारापुढे कापडी मांडव, खाली पुरुष बसलेले. त्यांच्यातल्या एकाने मिलिंदला खुर्ची दिली. मी आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, भोवती बायका. मला ती ओळखणार नव्हतीच. मी पांढऱ्या साडीत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि फुटक्या आवाजात विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

"आई," मी म्हटलं.

ती थोडी सरकली. सतरंजीवर जागा झाली तिथे मी बसले. तिच्या हाताची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट आवळली गेली. दाराच्या चौकटीतून मला मिलिंदची पाठ दिसत होती. कोणीतरी त्याला चहा दिला होता, तो फुंकर घालून पीत होता. मी नजर काढली नाही.